वीस तारखेनंतर काय खायचं?

पत्राचा सारांश: पत्रलेखक वीस वर्षांचा आहे. नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेकडच्या एका डोंगराळ तालुक्यातून तो शिकायला शहरात आला आहे आणि गंगापूर रोडच्या बाजूला दोन मित्रांसोबत खोली करून राहतो. खोलीत एक इंडक्शन शेगडी, तीन लिटरचा कुकर आणि एक तवा आहे. फ्रिज नाही. मेस महाग पडते आणि तिथलं तेलकट जेवण सोसत नाही, म्हणून कॉलेज सुरू झाल्यापासून तो स्वतःचं स्वतः रांधतो. खाण्यासाठी महिन्याला २,८०० रुपये असतात. जिममधल्या एका ओळखीच्याने लिहून दिलेल्या यादीप्रमाणे तो एक तारखेला मॉलमधून 'हेल्दी' सामान भरतो. वीस तारखेच्या सुमारास हातात काही उरत नाही. मग महिनाअखेरपर्यंत वडापाव आणि मॅगी. आई अधूनमधून गावाहून नागलीचं (म्हणजे नाचणीचं) पीठ आणि उडीद पाठवते, "पण खोलीवर ते कोणी खात नाही." पावसाळ्यात आलेल्या पिठाला किडे लागले, त्याने ते फेकून दिलं आणि आईला सांगितलं नाही. त्याचा प्रश्न असा: "एवढ्या पैशात हेल्दी सामान महिनाभर पुरेल असं कसं भरायचं? की आमच्यासारख्यांना हेल्दी खाणं परवडतच नाही?"

प्रिय मित्रा,

पत्रासोबत तू सामानाचा हिशेब जोडलास हे फार बरं केलंस. एरवी लोक "खर्च भागत नाही" एवढंच लिहितात आणि मी अंदाजाने सल्ले देत बसते. तुझा हिशेब मी दोनदा वाचला, दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन. ओट्स १९५, म्युस्ली २९०, पीनट बटर ३४०, मध २१०, चिया १६०, क्विनोआ २३०, ब्राऊन ब्रेडचे चार पुडे २२०. बेरीज १,६४५ रुपये. आता ही यादी जरा लांबून बघ. क्विनोआ सोडला तर बाकी सगळं सकाळच्या न्याहारीचं आहे! न्याहारीवर चौदाशेच्या वर, आणि दोन वेळचं जेवण, भाजी, दूध, तेल-मीठ हे सगळं उरलेल्या १,१५५ रुपयांत. वीस तारीख तरी कशी गाठतोस याचंच मला नवल वाटलं.

तेव्हा "आम्हाला परवडत नाही" हे वाक्य तूर्त खोडू या. तुला न परवडणारी गोष्ट ती एक न्याहारी आहे. तुझ्या २,८०० रुपयांत दोन वेळचं नीट जेवण बसतं. थाटात नाही बसत, पण बसतं.

यादी देणाऱ्या मित्रावर माझा राग नाही. ओट्समध्ये वाईट काही नाही. ज्याला परवडतात त्याने खुशाल खावेत. पण त्या यादीतल्या प्रत्येक वस्तूचा एक भाऊ किराण्याच्या दुकानात गोणीत बसलेला असतो, त्याच्याकडे आपण बघत नाही. पीनट बटर म्हणजे भाजलेले शेंगदाणे वाटून त्यात बहुतेक वेळा तेल आणि साखर. किलोभर शेंगदाण्यांना त्या डब्याच्या निम्मेही पैसे पडत नाहीत. भाजून कूट केलास की भाजीत, उसळीत, कोशिंबिरीत, नुसत्या भाकरीवरही चालतो. ब्राऊन ब्रेडचा पुडा उलटा करून मागची घटकांची यादी वाच. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. पहिलंच नाव मैद्याचं निघालं, तर तू रंगाचे पैसे देतो आहेस. क्विनोआ दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातलं धान्य, तिथल्या डोंगरी लोकांचं रोजचं जेवण. आपल्याकडे पेठ, सुरगाणा, हरसूल, त्र्यंबकच्या डोंगरी लोकांचं जेवण कुठलं, हे तुला मी सांगायला नको.

इथे थोडं थांबते, कारण पत्रातलं नागलीचं वाक्य तू घाईत लिहिल्यासारखं वाटलं.

"खोलीवर ते कोणी खात नाही." यातला 'कोणी' कोण? दोघे मित्र खात नाहीत, की तू त्यांच्यासमोर करत नाहीस? मला हे खरंच माहीत नाही, म्हणून विचारते. काळी भाकरी बघून कुणी काही बोललं असेल, तर ते लागतं. वीस वर्षांच्या वयात फार लागतं. पण कदाचित कारण इतकं खोलही नसेल. नागलीची भाकरी थापणं अवघड आहे. पिठात चिकटपणा नसतो, भाकरी तुटते. इंडक्शनवर फुगवायला ज्वाळही नसते. आईला चुलीपुढे बसून पाहणं वेगळं आणि कॉलेजहून दमून आल्यावर खोलीत थापणं वेगळं. तसं असेल तर हा लाजेचा प्रश्नच नाही, कृतीचा आहे, आणि त्याला उपाय आहे. पुढे सांगते.

नागलीचं गुणगान मी गाणार नाही. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भारताच्याच प्रस्तावावरून भरडधान्य वर्ष म्हणून साजरं केलं, तेव्हा ते पुष्कळ गाऊन झालं. दोनच गोष्टी सांगते, एक बाजूची आणि एक विरुद्धची. शंभर ग्रॅम नागलीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. शंभर मिलिलिटर दुधात ते १२० च्या आसपास. नागलीतलं सगळं अंगी लागत नाही, दुधातलं जास्त लागतं, तरीही ज्याला रोज अर्धा लिटर दूध परवडत नाही त्याच्यासाठी ही मोठी गोष्ट आहे. आता विरुद्धची: नागलीत प्रथिनं कमी, शंभर ग्रॅमला सातेक ग्रॅम. ओट्समध्ये त्याहून बरीच जास्त. म्हणजे नुसती भाकरी-चटणी खाऊन भागणार नाही, सोबत डाळ किंवा उसळ हवीच. तुझ्या आईने नागलीसोबत उडीद पाठवले ते उगाच नाहीत. भाकरी आणि उडदाचं घुटं ही जोडी तुझ्या यादीवाल्या मित्राच्या आधीपासून आहे.

जिमला जातोस म्हणून प्रथिनांचं बोलूनच टाकू. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) शिफारशीप्रमाणे निरोगी प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनं पुरतात. तुझं वजन साठ किलो धरलं तर झाले पन्नास ग्रॅम. व्यायाम करतोस म्हणून साठ धर. दिवसभरात मूठभर डाळ आणि मूठभर कडधान्य मिळून साठ-सत्तर ग्रॅम, तीस ग्रॅम शेंगदाणे, एक अंडं, पाव लिटर दूध, बाकी पोळी-भाकरी आणि भात. एवढ्यात साठच्या आसपास पोचतोस. अंडी खात नसशील तर आठवड्यातून दोन-तीनदा सोयाबीनच्या वड्या. शंभर ग्रॅम कोरड्या वड्यांत पन्नासेक ग्रॅम प्रथिनं असतात आणि पैशाच्या मानाने त्यांना तोड नाही. (चव? आधी गरम पाण्यात भिजवून घट्ट पिळ, कांदा-लसणावर चांगल्या परत. तरीही फार अपेक्षा ठेवू नकोस.) प्रोटीन पावडरचा डबा घ्यायचा विचार पत्राच्या कोपऱ्यात डोकावतोय, तो सोड. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहाराच्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात स्नायू वाढवायला असल्या पावडरी घेऊ नका असंच सांगितलं आहे.

आता सामान भरण्याचं. इथे तुझं आणखी एक गृहीतक मला जरा हलवून बघायचं आहे: 'महिन्याचं एकदम भरलं की स्वस्त पडतं.' कुटुंबाला पडतं. ज्याच्याकडे कोरडी जागा, घट्ट झाकणाचे डबे आणि रोज रांधणारं माणूस आहे, त्याला पडतं. मी शिकत असताना पंचवटीत खोली करून राहत होते. एकदा स्वस्त मिळाला म्हणून दहा किलो तांदूळ आणला, पोत्यातच ठेवला. श्रावणात त्यात इतके सोंडे झाले की पोतं आपोआप चालायला लागेल असं वाटायचं. घरमालकीण बाईंनी अंगणात चादर पसरून दिली, वर कडुलिंबाचा पाला दिला आणि शेजारी बसून दोन तास मला बोलणी दिली. त्यातलं एक वाक्य लक्षात राहिलं: "एकट्या माणसाने मापट्याने आणावं, पोत्याने नाही."

म्हणून दोन हप्ते कर. एक तारखेला पहिला, सोळा तारखेला दुसरा. दुसऱ्या हप्त्याचे पैसे त्या दिवसापर्यंत वेगळ्या पाकिटात राहू देत, फोनमधून टिचकीसरशी जाऊ देऊ नकोस. शिवाय एक छोटा डबा भरून झाकण लावून टाक: पोहे, अर्धा किलो मूगडाळ, अर्धा किलो तांदूळ, पावभर शेंगदाणे, गुळाचा खडा. हा डबा वीस तारखेआधी उघडायचा नाही. नाहीच लागला तर पुढच्या महिन्यात आधी तो संपवायचा आणि नवा भरायचा, म्हणजे आतलं जुनं होत नाही.

एका माणसाच्या महिन्याच्या सामानाचा माझा अंदाज असा. गहू पाच किलो, तांदूळ तीन, नागली घरून येईल ती. तूरडाळ एक किलो, मूगडाळ अर्धा. मटकी, हरभरे, चवळी, वाटाणे यांतलं मिळून दीड किलो, पण एका वेळी दोनच प्रकार आण, नाहीतर सगळ्यांचे तळ डब्यात पडून राहतात. शेंगदाणे एक किलो. पोहे एक किलो, जाडे. गूळ अर्धा किलो. तेल एक लिटर, आणि ते महिनाभर पुरलंच पाहिजे. पुरत नसेल तर मेसच्या तेलकट जेवणाची तक्रार तुला करता येणार नाही. सोयाच्या वड्या पावभर. हळद, तिखट, जिरं, मोहरी, मीठ. काळा मसाला घरून. मी आपल्याकडच्या बाजारात ज्या भावाने घेते, त्या भावाने हे सगळं तेराशेच्या आसपास जातं, दळणाचे पैसे धरून. डाळींचे भाव वरखाली होतात. तूरडाळ कडाडली की त्या महिन्यात मूग आणि मसूर वाढव, तूर कमी कर. उरलेल्या दीड हजारात आठवड्याला दीडशेची भाजी, रोज पाव लिटर दूध, महिन्याला तीसेक अंडी बसतात. वर दीड-दोनशे रुपये उरतात, ते वडापावला ठेव. मनाई केली की माणूस जास्त खातो.

आठवड्याच्या भाजीसाठी आकाशवाणी टॉवरजवळची मंडई तुला जवळ आहे, पण जमलं तर बुधवारी गोदाघाटावरच्या बाजारात जा. संध्याकाळी उशिरा, विक्रेते आवरायला लागतात तेव्हा. पालेभाजीच्या जुड्यांचा भाव तेव्हा आपोआप उतरतो, घासाघीस करावी लागत नाही. (पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की घाटावर बाजार भरत नाही. नदीपात्रातला दुतोंड्या मारुती किती बुडाला याची बातमी बघून निघ.) फ्रिज नसल्याने पालेभाजी आणली त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी संपव. गाजर, बीट, कोबी, लाल भोपळा, दुधी, कांदे-बटाटे चार-पाच दिवस टिकतात. किराणा रविवार कारंजाकडच्या मोठ्या दुकानांतून सुटा घेतलास तर पाकिटापेक्षा स्वस्त मिळतो. तिघे मिळून गेलात तर जाण्या-येण्याचा वेळही वसूल. फळांचं फार मनावर घेऊ नकोस. हंगामाचं खा. द्राक्षाच्या दिवसांत घडातून गळालेले सुटे मणी गाडीवर निम्म्याशिम्म्या भावाने मिळतात, चवीला तीच द्राक्षं. धुवून मात्र नीट घे.

आणि लिंबू. उसळीवर, पोह्यांवर लिंबू पिळलं की कडधान्यातलं लोह शरीर जास्त घेतं. जेवणाला लागूनच चहा घेतलास तर उलटं होतं. तासभर थांब.

मिसळीबद्दल तू विचारलं नाहीस, पण नाशिकमध्ये राहून विद्यार्थ्याच्या खाण्यावर लिहायचं आणि मिसळ टाळायची हे बरं दिसत नाही. मिसळीचा जीव मोड आलेल्या मटकीत आहे, आणि ती मटकी खोलीवर फार कमी पैशात होते. रात्री भिजव, सकाळी निथळून ओल्या फडक्यात बांध, थंडी नसेल तर दुसऱ्या सकाळपर्यंत मोड येतात. कुकरला एक शिट्टी. पावसाळ्यात मोड कच्चे खाऊ नकोस, शिजवूनच खा. वरची तर्री आणि फरसाण रविवारी मित्रांबरोबर बाहेर.

आता पिठाला किडे का लागले ते बघू. आईची चूक नव्हती, तुझीही फारशी नाही. पीठ प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी खाटेखाली, बाहेर पाऊस. पीठ ओल धरतं आणि ओल आली की पोरकिडे येतात. पण गंमत बघ, नागलीचा दाणा बारीक आणि टणक, त्याला किडे सहसा लागत नाहीत. नीट सुकवून ठेवलेली नागली वर्षानुवर्षं टिकते. बिघडतं ते पीठ. म्हणून आईला सांग, पीठ नको, दाणे पाठव. त्यातली दोन-दोन किलो इथे गिरणीतून दळून आण. गव्हाच्या दळणावर नागली टाकायला गिरणीवाले कुरकुरतात, तेव्हा ज्वारी-बाजरी कधी दळतात ती वेळ विचारून जा. दळण गरम असताना डब्यात कोंबू नकोस. पेपरवर पसर, गार होऊ दे, मग घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात भर. आणि डबा जमिनीवर नको, भिंतीला टेकूनही नको. बाजरीचं पीठ तर आठ-दहा दिवसांपलीकडे ठेवूच नये, कडू होतं. तांदळात सुक्या लाल मिरच्या किंवा कडुलिंबाचा वाळलेला पाला. रवा आणलास तर कोरडा भाजून ठेव. तांदळाला बोरिक पावडर चोळणारे अजून भेटतील, त्यांचं ऐकू नकोस.

किडे दिसले म्हणजे सगळं फेकायचंच असंही नाही. दोन-चार दिसले, पीठ मोकळं आहे, वास ताजा आहे, तर चाळून, मंद भाजून लगेच संपव. गुठळ्या, जाळी, कुबट वास आला की टाकून दे. शेंगदाण्यांचं मात्र वेगळं. बुरशी आलेला, काळपट किंवा कडू लागणारा दाणा चाळून-भाजून सुधारत नाही, त्या बुरशीचं विष यकृताला घातक असतं. तिथे काटकसर नको.

ज्यांच्याकडे शेगडीच नाही अशा मुलामुलींचीही पत्रं माझ्याकडे येतात, वसतिगृहात फक्त किटली चालते अशी. त्यांना तुझ्याइतकं करता येणार नाही, पण दडपे पोह्यांना विस्तव लागत नाही. कांदा, टोमॅटो, काकडी, मीठ, लिंबू, दाण्याचं कूट घालून पातळ पोहे पंधरा मिनिटं दडपून ठेवायचे. सातूचं पीठ ताकात किंवा गुळाच्या पाण्यात कालवलं की सकाळ भागते. मेतकूट आणि दही. फुटाणे आणि गूळ खिशात. किटलीत अंडी उकडतात, हे मी म्हटलं असं वॉर्डनबाईंना सांगू नका.

पैशांच्या बाजूने दोन चौकश्या राहून गेल्यात का, बघ. घरच्या रेशनकार्डात तुझं नाव असेल, तर राज्यातल्या कुठल्याही रेशन दुकानातून आधारवर अंगठा लावून धान्य उचलता येतं, त्यासाठी गावी जावं लागत नाही. प्राधान्य गटातल्या कार्डावर माणशी पाच किलो धान्य मिळतं आणि २०२३ पासून ते मोफत आहे. अर्थात तुझ्या वाटचं इथे उचललंस की घरच्या वाटणीतून ते कमी होतं, म्हणून आधी घरी बोल. दुसरं, तू अनुसूचित जमातीचा असशील आणि सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नसेल, तर आदिवासी विकास विभागाची पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे. तिच्यात जेवण, निवास आणि निर्वाहाचे पैसे खात्यात जमा होतात. आदिवासी विकास आयुक्तालय नाशिकमध्येच आहे, तिथे किंवा प्रकल्प कार्यालयात या वर्षीच्या अर्जाची मुदत विचार. अनुसूचित जातीच्या मुलांसाठी स्वाधार, इतर मागास आणि भटक्या-विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना अशाच धर्तीवर आहेत. हे मागणं म्हणजे हात पसरणं नव्हे. ज्यांना खोली करून राहावं लागतं त्यांच्यासाठीच ते ठेवलेलं आहे. महिन्याची ओढ असेल त्या आठवड्यात जवळपास शिवभोजन केंद्र सुरू असेल तर दहा रुपयांत दोन पोळ्या, भाजी, वरण, भात मिळतो. मॅगीपेक्षा कितीतरी बरा.

खोलीतल्या दोघांचं. तिघांनी वेगवेगळी फळी आणि वेगवेगळी तेलाची बाटली ठेवली की तिघांचंही महाग पडतं. सगळं एकत्र करा असं मी म्हणत नाही. त्यातून होणारी भांडणं मी पाहिली आहेत, एकदा तर जिऱ्यावरून. गहू, तांदूळ, तेल, मीठ, कांदे एवढंच सामाईक ठेवा, बाकी ज्याचं त्याचं. पैसे सारखे, आणि रांधणाऱ्याने भांडी घासायची नाहीत. एवढे दोन नियम कागदावर लिहून भिंतीला लावा. नागली सामाईकात टाकू नकोस, निदान आत्ता तरी. ती तुझी तू कर. वासाने कोणी जवळ आलं तर एक वाढ.

राहिली आई. फेकलेल्या पिठाचं तिला सांगावं की नाही, हे तू विचारलं नाहीस, नुसतं लिहून टाकलंस. मला वाटतं, सांग. कबुली म्हणून नको, कामाचं बोलणं म्हणून सांग. "पावसात पिठाला किडे झाले, आता दाणे पाठव, मी इथे दळून आणेन," एवढंच. धान्य साठवण्यात तुझ्या आईचा हात माझ्यापेक्षा तयार असणार. ती रागावण्याआधी डबा कसला होता ते विचारेल, बघ. नवी नागली आता घरात आली असेल. एसटीने पिशवी येणार असेल तर उडीदही सांग, आणि असेल तर वाटीभर खुरासणीची चटणी.

आणि भाकरीचं. थापता येत नसेल तर आधी उकड काढ. वाटीभर पाणी मिठासकट उकळव, शेगडी बंद करून वाटीभर पीठ घाल, झाकण ठेव, पाच मिनिटांनी कोमट असतानाच मळ. अशी भाकरी सहसा तुटत नाही. ज्वाळ नाही म्हणून तव्यावरच फडक्याने दाबत भाज. तेही नको असेल तर धिरडं: वाटीभर नागलीचं पीठ, दोन चमचे बेसन, बारीक कांदा, मिरची, मीठ, ताक असेल तर ताक, नाहीतर पाणी. दहा मिनिटं भिजू दे. तुझ्या ओट्सच्या न्याहारीला लागतो तेवढाच वेळ. पहिलं धिरडं तव्याला चिकटेल. ते खरवडून खा, पीठ थोडं घट्ट कर, तवा नीट तापू दे आणि दुसरं घाल.